वहीत रोज पाच उपकार लिहिते, पण खोटं वाटतं. ही उपासना आहे का?

सलाम ताई.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला कळला तो असा. तुम्ही नालासोपाऱ्याला राहता, नोकरी लोअर परळला. आईंचं डायलिसिस आठ महिन्यांपासून चालू आहे, आठवड्यातून दोनदा. पाळकसाहेबांनी ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ या वचनावर उपदेश केला आणि रोज पाच उपकार वहीत लिहायला सांगितलं. तुम्ही लिहायला लागलात. तिसऱ्या आठवड्यात मागची पानं चाळली तर रोज तेच पाच शब्द: आरोग्य, घर, नोकरी, आई, भाऊ. त्यातला ‘आई’ लिहिताना हात अडतो. रविवारी साक्षीच्या वेळी कुणी उठून ठाण्याच्या नव्या फ्लॅटबद्दल देवाचे आभार मानले की तुम्हाला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटतं. आणि शेवटी तुम्ही विचारता, ही खरंच उपासना आहे, की मन रमवायची एक युक्ती?

मी पाळक नाही, हे आधी सांगतो. भायखळ्याकडे आमची जुनी मराठी मंडळी, म्हणजे चर्च, आहे. तिथे २२ वर्षं ‘वडील’ म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक म्हणून आहे, आणि त्याच्या आधीपासून पेटीवर बसतो. गुरुवारची घरगुती प्रार्थनासभा माझ्याकडे असते. पोटासाठी एका कचेरीत आवक-जावक विभागात काम करतो, त्यालाही ३१ वर्षं झाली. हे शेवटचं उगाच सांगत नाही, पुढे कामाला येईल.

मला विचाराल तर अडचण वहीची नाही. आपल्याकडून एक भावना मागितली गेली आहे, असं तुम्ही धरून बसला आहात. आतून कृतज्ञ वाटलं पाहिजे, मग ते लिहायचं. वाटलं नाही तर लिहिलेलं खोटं. असं धरलं की आईंच्या आजारपणात तुम्ही रोजच नापास होणार. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मात्र उपकारस्तुती ही आधी करायची गोष्ट आहे. वाटणं मागाहून येतं, कधी कधी येतही नाही.

जुन्या करारात यासाठी ‘तोदा’ हा हिब्रू शब्द आहे. आजही इस्राएलमध्ये दुकानदाराला ‘धन्यवाद’ म्हणायचं तर हाच शब्द वापरतात. पण यहोशवाच्या सातव्या अध्यायात आखानाने लूट चोरून तंबूत पुरली, ते उघडकीस आलं, तेव्हा यहोशवा त्याला म्हणतो की देवापुढे कबूल कर. तिथेही मूळ शब्द तोदाच आहे. आभार आणि कबुली यांना एकच शब्द. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण कबुलीला मनःस्थिती लागत नाही. जे आहे ते आहे म्हणायचं.

माझ्या टेबलावर रोज हेच होतं. टपाल आलं की आवक नोंदवहीत लिहायचं: कुणाकडून आलं, काय आलं, कोणत्या तारखेला. आणणाऱ्याच्या प्रतीवर शिक्का मारून पोच द्यायची. पत्र वाचून मला आनंद झाला की नाही, हे पोचेत कुठेच लिहावं लागत नाही. उपकारस्तुती म्हणजे देवाला दिलेली पोच, असं मी प्रार्थनासभेत सांगतो. अमुक मिळालं, तुझ्याकडून मिळालं, आज मिळालं. (एकदा एका मुलाने विचारलं, ‘काका, कोर्टाच्या नोटिशीचीही पोच देतात ना? मग आजाराचीही द्यायची का?’ प्रश्न चोख होता. त्याच्याकडे येतोच.)

आता आपल्या मराठी माणसाची एक वेगळी गोची आहे, आणि तुमच्या ‘खोटं वाटतं’मध्ये तिचा थोडा हात असावा. आपल्याकडे घरात कुणी आभार मानत नाही. आईने ताट वाढलं आणि मुलगा ‘थँक यू’ म्हणाला तर ती विचारेल, ‘काय झालंय तुला?’ आभार परक्याचे मानायचे. आणि जाहीर कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला उठतात. असा हा शब्द आपण प्रार्थनेत आणतो, मग तो जिभेवर परका वाटला तर नवल नाही. दुसरीकडे ‘उपकार’ शब्दाला वजन आहे. उपकाराखाली माणूस दबतो, तो फेडावा लागतो, कुणी बोलून दाखवला तर जिव्हारी लागतो. म्हणजे एक शब्द फार औपचारिक आणि दुसरा फार जड.

११६ व्या स्तोत्रात कवी हाच प्रश्न विचारतो: परमेश्वराच्या उपकारांचा मी कसा उतराई होऊ? ‘उतराई’ हा शब्द मराठी शास्त्रात तसाच आहे, आणि आपल्याला तो बरोबर कळतो. आता त्याचं उत्तर पाहा. तो म्हणतो, मी तारणाचा प्याला हाती घेईन. देण्याची भाषा करत आलेला माणूस आणखी एक प्याला घेतो! फेडण्याचं नाव नाही. मग पुढे नवस फेडीन म्हणतो, आभाराचा यज्ञ करीन म्हणतो, पण ते सगळं प्याला घेतल्यानंतर आणि सगळ्या लोकांसमोर. आपल्याकडे भाषणात ‘मी आपल्या ऋणात राहणं पसंत करतो’ असं म्हणतात. भाषणात ते गुळगुळीत झालंय, पण देवाच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. तेव्हा पाच उपकार लिहिले म्हणजे आजचा हप्ता भरला, असं समजून वही उघडत असाल तर ते आधी सोडा.

आता आजाराबद्दल. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात पौल ‘सर्व स्थितीत’ म्हणतो. स्थितीत. प्रत्येक गोष्टी‘साठी’ असं त्या जागी लिहिलेलं नाही. आईंचं मूत्रपिंड निकामी झालं याबद्दल देवाचे आभार माना, असं कुणी सांगितलं तर मी मान हलवणार नाही. इफिसकरांच्या पाचव्या अध्यायात मात्र ‘सर्व गोष्टींबद्दल’ असं आहे, आणि ते झाकून ठेवणं बरोबर नाही. माझं मत विचाराल तर ते वचन ज्याचं त्याने, बऱ्याच वर्षांनी, मागे वळून म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून त्याला ते ऐकवायचं नसतं. पोचेची उपमाही इथेच तुटते. आजार देवाने टपालाने पाठवला आणि तुम्ही सही करून घेतला, असं मी मानत नाही. त्या मुलाला मी इतकंच सांगितलं होतं की आजाराची पोच द्यायची नाही, तक्रार नोंदवायची. आवक-जावकला तक्रारीचीही नोंद होते.

शास्त्रातही होते. तेरावं स्तोत्र काढा, सहाच ओव्या, म्हणजे वचनं, आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. आणि तेच स्तोत्र संपतं ते त्याने माझ्यावर उपकार केले आहेत या शब्दांवर. मधे परिस्थिती बदलल्याचा एक शब्द नाही. स्तोत्रसंहितेत अशी विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत, आणि ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. तेही त्याच पुस्तकात, उपासनेत गायला ठेवलेलं. मग रविवारी आपणच का फक्त गोड गोड बोलायचं?

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते योहानाच्या अकराव्या अध्यायातलं. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे येशू जातो. ३५ व्या ओवीत तो रडतो. ४१ व्या ओवीत, धोंड सरकवल्यावर, वर पाहून म्हणतो, ‘बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो.’ मधे पाचच ओव्या. लाजर अजून आतच आहे. रडणं आणि आभार एकाच कबरेपाशी, एकाच माणसाच्या तोंडून. ‘आई’ लिहिताना तुमचा हात थांबतो, तो थांबू दे. तिथे आधी काय वाटतं ते लिहा. ‘आज तिची ती नळी लावलेली बघवली नाही’ असं लिहिलं तर पान बाटत नाही.

इथे माझ्या वडिलांचं सांगावं लागेल. ते एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी सातवीत होतो. आम्ही परळला चाळीत राहायचो, मूळचे नगर जिल्ह्यातले. दर जेवणाआधी वडील प्रार्थना करायचे, ठरलेल्या शब्दांत: ‘हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझी उपकारस्तुती करतो, हे शरीराला लागू दे.’ संपाला आठ-नऊ महिने झाले असतील. एका रात्री ताटात भाकरी आणि लसणाची चटणी. वडिलांनी डोळे मिटले, ‘हे प्रभू, या’ इतकं म्हणाले आणि थांबले. आम्ही डोळे मिटून वाट पाहत बसलो. मी एक डोळा उघडून बघितलं तर त्यांचा जबडा घट्ट मिटलेला. आई म्हणाली, ‘जेवा आता, भाकरी गार होतीय.’ कुणीच आमेन म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस प्रार्थना झालीच नाही. मग एका संध्याकाळी शेजारच्या मालवणी काकूंनी टोपभर बांगड्याचं कालवण पाठवलं. त्यांच्याही घरचा माणूस संपावरच होता, हे लक्षात घ्या. जेवायला बसलो. वडिलांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘प्रभू, हे कालवण शेजारच्या काकूंनी दिलं. तुझ्याकडून आलं. गिरणीचं तुला ठाऊकच आहे. आमेन.’ मला तेव्हा गंमत वाटली होती, कारण ठरलेले शब्द बदलले होते. पण त्या दिवसापासून त्यांची प्रार्थना तशीच राहिली. कुणाच्या हातून आलं ते नाव, आणि शेवटी ‘गिरणीचं तुला ठाऊकच आहे’. गिरणी परत मिळाली नाही. पुढे ते एका इमारतीवर रात्रपाळीचे वॉचमन झाले. ते वाक्य मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, आणि त्यात दर वेळी थोडा राग असायचा. मी उपकारस्तुती शिकलो ती त्या जेवणात. उपदेशांतून मागाहून बरंच ऐकलं, पण त्यातलं फार थोडं या वाक्याच्या पलीकडे गेलं.

म्हणून तुमच्या यादीबद्दल माझी पहिली सूचना ही की मोठे शब्द काढून टाका. ‘आरोग्य’, ‘घर’, ‘नोकरी’ ही कपाटाच्या खणांवरची लेबलं आहेत, आत काय आहे ते लिहायचं राहिलंय. कुणाकडून, काय, केव्हा, असं लिहा. ‘दादरला गाडी बदलताना एका बाईने माझी पिशवी धरली.’ ‘नर्सने आज सुई पहिल्याच वेळी बरोबर लावली.’ ‘भावाने न सांगता गॅसचा नंबर लावला.’ पाच हव्यात असं काही नाही. एक असली तरी चालेल, पण तिला तारीख आणि माणूस हवा. असं लिहिलं की तोचतोचपणा आपोआप जातो, कारण दोन दिवस सारखे नसतात. लेबलं तेवढी सारखी असतात.

तुम्ही मोत माऊलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला गेला असाल. आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून वांद्र्याला भरते. लहानपणी चाळीतल्या एका कॅथलिक कुटुंबाबरोबर मी जायचो. वाटेवर मेणाच्या वस्तू विकायला असतात: हात, पाय, बाळ, घर. ज्याला ज्याची गरज किंवा ज्याचे आभार, तो ते वाहतो. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत काही जण त्यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. मेणाचा पाय वाहणाऱ्या माणसाला आपण कशाबद्दल बोलतोय ते पक्कं माहीत असतं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला लोक आभाराच्या चिठ्ठ्या लिहून देतात, त्याही अशाच नेमक्या असतात. आपल्या प्रार्थनेतला ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ हा शब्द त्यापुढे फार पातळ वाटतो.

‘मन रमवायची युक्ती’ म्हणालात त्यावर थोडं. उपकारांची यादी लिहिल्याने मनाला बरं वाटतं हे मानसशास्त्रज्ञांनी तपासलंय. एमन्स आणि मॅकलो या दोघांचा २००३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे, आणि त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोक आठवड्यातून एकदा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहीत होते. तुमच्या पाचाचा आकडा बहुधा तिथूनच फिरत फिरत आला असावा. यात वाईट काही नाही. देवाने मन असं घडवलं असेल तर त्याला आभाराने बरं वाटावं, हे ठीकच आहे. पण त्या यादीला पत्ता नसतो. ती कुणालाच उद्देशून नसते. उपासना होते ती ‘तू’ या शब्दाने. ‘आज पाऊस थांबला, बरं झालं’ ही नोंद झाली. ‘तू पाऊस थांबवलास’ म्हटलं की प्रार्थना झाली. तुमच्या वहीतली वाक्यं या एका गोष्टीसाठी तपासून पाहा. माझा अंदाज आहे की तिसऱ्या आठवड्यापर्यंत ‘तू’ गळालेला असेल.

दुसरी गोष्ट आवाजाची. लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात. नऊ जण सांगितल्याप्रमाणे याजकाकडे गेले, म्हणजे त्यांनी आज्ञा मोडली असं नाही. एक शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, मात्र मोठ्याने देवाचं गौरव करत परत आला. लोकलमध्ये बायकांच्या डब्यात टाळ्या वाजवून भजन म्हणणारी मंडळी तुम्हाला रोज भेटत असतील. आपण मात्र तोंड मिटून, गुपचूप. डब्यात उभं राहून गा असं मी म्हणत नाही. पण वहीत लिहिलेलं रात्री झोपण्यापूर्वी एकदा तोंडाने म्हणा. मराठी मंडळीचं नशीब की आपल्याला गायला आपल्याच चाली आहेत. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये याच मुंबईत झाला, आणि त्यांनी व त्यांच्यासारख्या इतर कवींनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली. स्वतःचे शब्द संपतात तेव्हा मी पेटी काढून त्यातलं एक वाजवतो. त्या दिवसाची माझी प्रार्थना तेवढीच.

स्वतःचे शब्द संपतात तसे स्वतःचे उपकारही संपल्यासारखे वाटतात. त्यावर १३६ वं स्तोत्र आहे. २६ ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’. त्यातल्या बहुतेक ओव्या गाणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाच्या नाहीतच. आकाश केलं, समुद्र दुभागला, राजांना मारलं. हे सगळं त्याच्या आजा-पणजांच्या आठवणीतलं. शेवटी शेवटी कुठे ‘तो सर्व प्राण्यांना अन्न देतो’ असं रोजच्या ताटावर येतं. म्हणजे माझं मडकं रिकामं असेल त्या दिवशी मी मंडळीच्या रांजणातून घ्यायचं. आमच्या गुरुवारच्या सभेत आम्ही याच स्तोत्राच्या साच्यात स्वतःच्या ओळी घालतो. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी पालुपद. ‘नातू दहावी पास झाला’, ‘कारण त्याची दया सनातन आहे’. ‘विरारची शेवटची गाडी मिळाली’, ‘कारण त्याची दया सनातन आहे’. सुरुवातीला लोक हसतात. हसू दे. आमच्यातल्या एका बाईंचा मुलगा वर्षभरापूर्वी गेला. त्या स्वतःची ओळ कधी घालत नाहीत. पालुपद मात्र सगळ्यांबरोबर म्हणतात, आणि आम्ही त्यांना कधी ‘तुमची एक ओळ?’ असं विचारत नाही.

आता साक्षीचा मुद्दा, ज्यामुळे तुम्हाला बाहेर जावंसं वाटतं. त्या फ्लॅटवाल्याचा आनंद खरा असेल, त्याला आपण नावं ठेवू नये. पण आभारही कुजतात. लूकच्या १८ व्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात जाऊन आभारच मानत होता: देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार. वाक्याची सुरुवात ठीक, वळण चुकलं. साक्षीचं जाहिरातीत रूपांतर होतं ते याच वळणावर.

लेवीयच्या सातव्या अध्यायात यावर एक व्यवस्था आहे, आणि मला ती फार आवडते. आभाराच्या यज्ञाचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या किंवा स्वखुशीच्या अर्पणाचं दुसऱ्या दिवशी खाल्लं तरी चालतं. आभाराचं नाही. एक अख्खं जनावर एका दिवसात एका घराला कसं संपणार? शेजारीपाजारी बोलवावेच लागणार. आणि त्याबरोबर बेखमीर (खमीर न घातलेल्या) पोळ्या तर आहेतच, शिवाय खमिराची भाकरही, म्हणजे घरात रोज खातात तीच. मी त्यावरून असं समजतो की वाटता येत नाही ते आभार अजून पुरे झालेले नाहीत. त्या फ्लॅटवाल्याने साक्ष देऊन चार जणांना घरी जेवायला बोलावलं असतं तर तुम्हाला बाहेर जावंसं वाटलं नसतं, असं मला वाटतं.

मुंबईत हे अजून दिसतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या, गावठाणांत आगेरा हा कापणीचा सण असतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांच्यावर आशीर्वाद मागतात. अनेक गावठाणांची शेतं कधीच इमारतींखाली गेली, लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, तरी मिरवणूक निघते आणि मग पंगत होते. आमच्या मंडळीत कापणीचा सण असतो. शेत एकाकडेही नाही. लोक बाजारातून दुधी, नारळ, कोंबडी, घरी केलेला केक आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. गेल्या वर्षी एक साधा दुधी साडेसातशेला गेला, आणि घेणाऱ्याने तो कापून सगळ्यांना फोडी वाटल्या. कच्च्या दुधीच्या फोडी! काहींनी खाल्ल्यासुद्धा.

बरं, काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुमची झोप, भूक गेली असेल, सकाळी उठवत नसेल, रडू आवरत नसेल किंवा उलट काहीच वाटत नसेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. आजाऱ्याची सेवा करणारा माणूस स्वतः आजारी पडतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, आणि सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. उपकारस्तुती हे औषध नाही, आणि ती जमत नाही म्हणून विश्वास कमी आहे असंही नाही. घरात कुणी त्रास देत असेल तर ‘सर्व स्थितीत’ हे वचन सोसण्यासाठी वापरू नका. त्या वचनाचा असा वापर होताना मी पाहिला आहे, आणि त्या वेळी गप्प राहिलो याचं मला आजही वाईट वाटतं. पाळकसाहेबांशीही एकदा बोला. बहुतेकांना आपल्या उपदेशाचं पुढे घरी काय झालं ते कधी कळतच नाही.

एवढं सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर आत्तापुरतं इतकं करा: पाचाचा नियम सोडा, एकच गोष्ट लिहा, माणसाच्या नावासकट, वाक्यात ‘तू’ ठेवा, तक्रार आली तर तीही त्याच पानावर लिहा, आणि आठवड्यातून एकदा त्यातलं काहीतरी कुणाबरोबर तरी वाटा, चहा का असेना.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या सगळ्या प्रश्नात आईंबद्दल आहे, पण आई काय म्हणतात ते कुठेच नाही. डायलिसिस चार-चार तास चालतं. तेव्हा तुम्ही शेजारी बसत असाल तर वही बरोबर न्या आणि त्यांना विचारा, आज तुमची एक ओळ घालू का. नको म्हणाल्या तर नको. घाला म्हणाल्या तर त्या सांगतील ती लिहा, मग ती नर्सबद्दल असो, दुखण्याबद्दल असो, नाहीतर तिथल्या पंख्याबद्दल. तुम्ही फक्त पालुपद म्हणा.